पोटाची भूक आणि मनाची भूक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंगत बसण्यापूर्वी भोजनावरच दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. भुकेलेल्या श्रोत्यांपुढे मिताहाराचे प्रवचन करणे हे धाडसाचेच काम होय. म्हणून प्रारंभीच अभय देतो की, जिलबी वर्ज्य करा असे सांगण्यासाठी मी उभा नाही. चवीचा त्याग करावा असे माझे म्हणणे नाही. चवीने खावे, परंतु दुःख गिळण्यासाठी खाऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.

हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी निवर्तली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. शेजाऱ्यांनी पिठले-भात आणला, आप्तांनी धीर दिला. चौदाव्या दिवशी घर रिकामे झाले. दिवेलागणीची वेळ ही आम्हा दोघांची चहाची आणि बोलण्याची वेळ होती. त्या वेळी मी नकळत फराळाचा डबा जवळ घेऊन बसू लागलो. पोट भरलेले असे, हात मात्र थांबत नसे. डबा संपला की स्वतःची लाज वाटे, आणि त्या लाजेवर उतारा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डबा! वर्षभराने रक्ततपासणीत मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. तो मी आठ दिवस पाळला आणि नवव्या दिवशी मोडला. काय खावे हे त्या कागदावर लिहिले होते. मी का खातो, हे त्यावर नव्हते.

एके सायंकाळी सूनबाईने डब्याकडे पाहून सहज विचारले, “अण्णा, भूक लागली आहे, की करमत नाही?” त्या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले.

पोटाची भूक हळूहळू चढते आणि कोणत्याही साध्या अन्नाने शमते. मनाची भूक एकाएकी येते आणि ठराविक पदार्थच मागते. तो मिळाला तरी तिचे समाधान होत नाही. यासाठी मी एक सोपी कसोटी वापरतो. डब्याकडे हात गेला की स्वतःस विचारतो, ‘आत्ता भाकरी आणि मेथीची भाजी पुढे आली तर खाईन काय?’ उत्तर ‘होय’ असेल तर ती खरी भूक, आणि मी जेवतो. उत्तर ‘नाही’ असेल तर मला अन्न नको आहे, दुसरेच काही हवे आहे. मग मी पंधरा मिनिटे अंगणात फेऱ्या घालतो, किंवा एखाद्या जुन्या मित्रास दूरध्वनी करतो. पुष्कळदा तेवढ्यात ती लाट ओसरते.

यात इच्छाशक्तीची दुर्बलता एवढेच कारण नसते. मनावरचा ताण दीर्घकाळ टिकला म्हणजे शरीरात कॉर्टिसोल नावाचे द्रव्य वाढते आणि गोड-तळकट पदार्थांची ओढ वाढू शकते. शिवाय पोट भरल्याची जाणीव मेंदूस होण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. घाईने खाणारा त्याआधीच दुप्पट खाऊन मोकळा होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. या संख्येत आपल्या मंडळातीलही कित्येक घरे असणार, हे सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून कोणी बेचव अन्नाचे व्रत घेतात. माझ्या मते तो मार्ग चुकीचा होय. अतिनिर्बंधाचा शेवट कसा होतो, हे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ या म्हणीने आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराचे वर्णन आहे. तेथे तो आहार रसयुक्त आणि मनास रुचणारा असावा असेच म्हटले आहे. चरकाचार्यांनी अन्नाकडे लक्ष देऊन जेवावे असे सांगितले, तर वाग्भटांनी पोटाचे दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरून चौथा भाग रिकामा ठेवण्यास सांगितले. रुची आणि संयम यांचे वैर त्यांना मान्य नव्हते.

आपले पान वाढण्याची जुनी रीत आठवून पाहा. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावी बाजू चिमूटभर असे, पण सारी लज्जत तिच्यातच असे. कारळाची किंवा जवसाची चटणी, लसणीची फोडणी दिलेली मेथी, मोड आलेल्या मटकीची उसळ, आमसुलाचे सार, मुळ्याची कोशिंबीर, कुळथाचे पिठले, भाजणीचे थालीपीठ यांपैकी बेचव काय आहे? १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्या नाचणीची भाकरी आपण गरिबीची खूण म्हणून ताटाबाहेर घालविली, आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगाने पाळले तेव्हा पुन्हा तिच्याकडे वळून पाहिले! ताटात आंबट, तिखट, तुरट, कडू अशा अनेक रुची असल्या की थोडक्यात तृप्ती होते. दूरचित्रवाणीपुढे बसून खाल्लेल्या पुडक्यात मात्र रुची एकच, आणि तीही ध्यानात राहत नाही.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्या पंगतीतील आग्रह! ‘माझी शपथ आहे’, ‘एक तरी घ्याच’ या शब्दांनी आपण प्रेम व्यक्त करतो, आणि नको म्हणणाऱ्यास गर्विष्ठ ठरवितो. मूल रडले की बिस्कीट, परीक्षेत उत्तीर्ण झाले की पेढा, रुसले की चॉकलेट. अशा रीतीने प्रत्येक भावनेचे उत्तर खाण्यात शोधण्याचे शिक्षण आपणच घरात देतो. माझी पत्नी गेल्यावर मला खाऊ घालणारे हात पुष्कळ होते, आणि त्या हातांचा मी ऋणी आहे. परंतु महिन्यानंतर तासभर शेजारी बसणारे विरळाच होते. दोष कोणाचा नाही. रीतच तशी पडली आहे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, संमेलनाच्या पंगतीत पदार्थ चविष्ट व वैविध्याचे असावेत, पण आग्रह बंद व्हावा. ‘पुरे’ हा शब्द पहिल्याच वेळी मानावा. दुसरी, ज्ञातीतील ज्या घरी दुःखद प्रसंग घडेल, तेथे पुढील तीन महिने आठवड्यातून एकदा कोणीतरी सायंकाळी जाऊन बसावे. सोबत डबा नसला तरी चालेल.

एक इशारा देणे अवश्य आहे. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, किंवा मन सतत खिन्न राहत असेल, तर त्यात लाज न मानता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या मनाने लंघन करू नये.

माझ्यापुरते सांगावयाचे तर औषध चालू आहे आणि साखर आटोक्यात आहे. एखाद्या सायंकाळी डबा अजूनही हाक मारतो. कधी मी ओही देतो. मात्र आता वाटीभर चिवडा काढून, त्यावर कांदा-कोथिंबीर घालून, डबा फळीवर ठेवून देतो आणि सावकाश खातो. चिवड्याला इतकी चव असते, हे मला त्या वर्षभरात एकदाही समजले नव्हते.

पानांवर वाढणे सुरू झालेले दिसते. आपला अधिक अंत पाहत नाही. सर्वांनी सावकाश जेवावे, आणि शेजाऱ्यास जिलबीचा आग्रह करण्याऐवजी त्याची विचारपूस करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.