नदीचे गाव, रुळांचे गाव



आपल्याच गावावर बोलावे असे चालकांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम कचरलो. पाचोऱ्यात सांगण्यासारखे काय आहे? किल्ला नाही, लेणी नाहीत. पाहुण्याला अजिंठा दाखवायचा तर पहूर गाठून पुढे फर्दापूरकडे जावे लागते. पण गाव केवळ इमारतींवरून ओळखावे असे थोडेच आहे? माणसे कोणत्या वाटेने आली आणि कोठे थांबली, यावरूनही ते ओळखता येते.

पूर्वी गावाचे तोंड हिवरा नदीकडे होते. कृष्णापुरीचा माणूस आजही बाजाराला निघतो तो नदी ओलांडूनच. मग आगगाडी आली. 1853 साली बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि दहाएक वर्षांत रूळ खानदेश ओलांडून भुसावळास पोहोचले. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस रुळांकडे धावला आणि त्याच्या मागोमाग पेढ्या, वखारी, जिनिंग, प्रेस आले. गावाने नदीकडे पाठ केली आणि स्टेशनाकडे तोंड फिरविले.

अमेरिकेचे नाव निघालेच आहे तर तिथल्या एका शहराची हकीकत सांगतो. मिसिसिपी नदीवरचे सेंट लुईस हे आगबोटींवर वाढलेले शहर. 1874 साली नदीवर ईड्सचा पोलादी पूल झाला, 1894 साली मोठे युनियन स्टेशन उघडले, आणि तेथेही व्यापार धक्क्यावरून रुळांवर गेला. पुढे स्मारकासाठी म्हणून नदीकाठच्या सुमारे 40 गल्ल्या 1939 नंतर पाडल्या गेल्या. त्या जागी 1965 साली 630 फूट उंचीची कमान पुरी झाली. कमान सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु तिच्याखाली कोणाची दुकाने होती हे आता कागदातच शोधावे लागते. स्टेशनाचे नशीब मात्र बरे. 1978 साली शेवटची गाडी गेली, तरी इमारत पाडली नाही. 1985 साली ती बाजारपेठ म्हणून पुन्हा उघडली.

आता आपली गोष्ट. 1918-19 च्या सुमारास पाचोऱ्याहून जामनेरला अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. अंतर 56 किलोमीटर, वेळ दोन तासांहून अधिक! वाटेत वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर. आधी वाफेचे इंजिन, पुढे डिझेलचे. लोक तिला लाडाने ‘पी. जे.’ म्हणत. चालत्या गाडीतून उतरावे, लघुशंका उरकावी आणि पुन्हा चढावे, अशी तिची थट्टा होई; आम्हीही ती केली आहे. पण भाजीची टोपली घेऊन निघालेल्या बाईला, शाळेच्या पोराला, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनाला जाणाऱ्या म्हाताऱ्याला ही थट्टेची गाडी नव्हती. एस. टी.च्या मानाने तिचे भाडे फारच थोडे. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीत ती थांबली आणि पुन्हा धावली नाही. थोड्या भाड्यात जाणारे ते लोक आता कसे जातात, हे कोणी विचारले आहे काय?

आता हा मार्ग रुंद करून जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यावयाची योजना आहे. ती व्हावीच! जुनी गाडी पुन्हा धावावी असा हट्ट आम्ही धरीत नाही. दोन तास डब्यात अंग आंबविल्यावर असा हट्ट कोण धरील? आमची भीती निराळी आहे. रूळ उखडताना लहान स्टेशने, पाण्याच्या टाक्या, दगडी मोऱ्या हे सारे भंगार म्हणून जाईल. आणि कृष्णापुरीतून कोण पहाटे टोपली घेऊन गाडीला निघे, कोणत्या वखारीत माल उतरे, हे सांगणारी माणसे तर रुळांच्याही आधी जातील.

म्हणून एक विनंती. या मंडपाच्या दाराशी टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी पी. जे.चे तिकीट, एखादे छायाचित्र किंवा जुन्या पेढीचे कीर्दखतावणीचे चोपडे असेल, त्यांनी जाताना आपले नाव आणि आळी तीत लिहून जावी. आम्ही घरी येऊन पाहू. वस्तू मागणार नाही. ज्यांच्याजवळ काहीच नाही पण आठवण आहे, त्यांनी तेवढे लिहावे. अक्षर येत नसेल तर शेजारच्या मुलाला सांगावे, तो लिहून देईल.