समुद्राकाठची जागा आणि घरातला कापूस



यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याने निघालं की बोरी अरब लागतं. ते माझं गाव. आमचा समुद्राशी काय संबंध, असं कुणी विचारेल. पण माझा पुतण्या मुंबईत नोकरीला आहे, आणि दोन वर्षांपूर्वी माघात त्याचा फोन आला. "काका, अलिबागकडे जागा पाहिली. एजंट म्हणतो, होळीनंतर हा भाव राहणार नाही. विहिरीकडचं वावर काढायचं का?" त्या रात्री मला झोप आली नाही. असा फोन आज गावोगावच्या घरांत येतो, म्हणून हा विषय घेतला.

"हा भाव राहणार नाही" हे अलिबागेत अगदीच खोटं नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि माणूस गाडीसकट पलीकडे उतरू लागला. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. मुंबईच्या शिवडीतून उरणच्या बाजूला जाणारा २१.८ किलोमीटरचा पूल. किहीम, आवास, सासवणे, थळ या गावांमध्ये मुंबईच्या पैसेवाल्यांचे बंगले उठले. भाव चढले. पण त्याच पट्ट्यात रेवस–करंजा पुलाचीही गोष्ट आहे. हे करंजा उरणजवळचं, आपलं कारंजा लाड नव्हे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८०च्या सुमारापासून, या पुलाचं बोलणं चालू आहे. त्या भरवशावर तेव्हा जमीन घेतलेल्याचा नातू आज घरचा कर्ता झाला असेल. आपल्याला हे काही नवं नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेचं नाव निघालं तेव्हापासून आपल्याकडे प्लॉट पडताहेत, आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला गाडी धावली ती वर्ध्यापासून कळंबपर्यंत.

भावाची वाट पाहणं म्हणजे काय, हे कापूसवाल्याला कुणी शिकवायला नको. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव मनात धरून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. आमच्याकडे पुढची खोली छतापर्यंत भरलेली होती, पोरं ओसरीत झोपत होती, अंगाला खाज सुटत होती. दहा हजार काही आले नाहीत. शेवटी मिळेल त्या भावात गाडी भरली. पुतण्याला मी याचीच आठवण करून दिली. वरचा भाव आधीच मनात धरून माणूस बसला, की समोरचा माल त्याला दिसत नाही. कापूस निदान विकून मोकळं होता येतं. समुद्राकाठची जमीन फसली तर घेणारा शोधत फिरावं लागतं.

आणि इथे एक गोष्ट नीट ऐका. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुंबईत जन्मलेल्या, हातात पैसा असलेल्या माणसाचं तिथेच अडतं. माझ्या पुतण्याचं अडत नव्हतं, कारण बोरी अरबच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे. एजंट त्याच्या मागे लागला होता तो या कागदासाठी. वाटणीला आलेलं तेवढं एकच वावर, आणि तेच विकून जमीन घ्यायला निघालेला पोरगा! ते गेलं असतं आणि तिकडचा व्यवहार मध्येच अडकला असता, तर शेतकरी म्हणून दाखवायला त्याच्याजवळ काय उरलं असतं?

हा कायदा सुखासुखी आलेला नाही. याच अलिबाग तालुक्यात, चरी गावी, १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. सहा वर्षं संप चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली. कसणाऱ्याच्या हाती जमीन राहावी म्हणून माणसं सहा वर्षं अर्धपोटी राहिली, तिथला सातबारा आपण नुसता किमतीचा कागद म्हणून पाहू नये. म्हणूनच त्याचा 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. कुळाचं नाव, बोजा, वाद यांच्या नोंदी तिथे सापडतात. मागचे फेरफार काढा. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या.

मी पुतण्याला म्हटलं, "आषाढापर्यंत थांब. आपण अमावास्येला, उधाणाच्या दिवशी जाऊ." एजंट रागावला. आम्ही गेलो.

फाल्गुनातल्या फोटोत ती जागा अंगणासारखी कोरडी होती. एका अंगाला मातीचा बांध, पलीकडे खाडी. आषाढात त्याच जागेत आमच्या पोटऱ्यांएवढं पाणी. बांधावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी काठीने दाखवलं, उधाणाला बांधाला खांड कुठे पडते ते. खांड म्हणजे भगदाड. एकदा खारं पाणी आत आलं की भातही येत नाही, असं ते म्हणाले. शेजारी एक बंगला होता, चार वर्षांचा, बंद. राखणदाराने दार उघडलं तर बिजागरीचा तुकडा माझ्या हातात आला. गंजून पापुद्रे सुटलेले. त्याच्या बायकोने चहा दिला, तो खारट लागला. विहिरीचं पाणीच तसं. पिण्याचं पाणी ती दोघं गावातून हंड्याने आणतात. जागा दाखवताना यातलं एक अक्षर कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. पिढ्यांनी जोपासलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. वर्षभराने, मे महिन्यात, तौक्ते आलं. किनाऱ्यावर घर घेणाऱ्याने हे धरूनच चालावं.

दुसरी भीती सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची. समुद्राच्या भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत हे नियम लागतात, आणि त्यातही पाण्यालगतच्या पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. तो मोठ्या माणसाचा होता म्हणून सोडून द्या, पण केरळात कोचीजवळ मराडूला जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून चार टोलेजंग गृहसंकुलं पाडली. त्यात फ्लॅट घेणारे तुमच्या-माझ्यासारखे होते, आयुष्याची पुंजी लावलेले. तेव्हा किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा पाहिल्याशिवाय, त्यावर आपला गट नंबर बोटाने दाखवून घेतल्याशिवाय, बयाणा देऊ नका.

राहिला पैशाचा हिशेब. रेडी रेकनरचे, म्हणजे ज्यावर मुद्रांक शुल्क मोजतात त्या सरकारी भावाचे, नवे दर साधारणपणे १ एप्रिलला लागतात. राहतं घर बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. २०२० मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर तीन टक्के सूट होती, तेव्हा घेणाऱ्यांचं साधलं. कर्जाचं मात्र जपून. मे २०२२ च्या सुरुवातीला चार टक्क्यांवर असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर पुढच्या फेब्रुवारीत साडेसहावर गेला आणि बदलत्या व्याजाच्या कर्जांचे हप्ते वाढले. यातून लाख-दोन लाख इकडचे तिकडे होतात. खाऱ्या बांधाकाठची जागा सगळंच नेते.

ती जागा आम्ही सोडली. होळीनंतर भाव वाढला म्हणे, वाढू दे. यंदा पुतण्याने वरच्या अंगाला, जांभ्याच्या कातळावरचं एक लहान घर पाहिलंय. विहीर गोडी आहे, असं सांगतात. येत्या आषाढी अमावास्येला आम्ही पाहायला जाणार आहोत. त्याने रजा टाकली आहे. विहिरीकडच्या वावरात पऱ्हाटी उभी आहे.