चांगल्या दिवसांचेही ठिपके

श्रोतेहो, पीक का बुडाले हे शोधताना आपण बुडालेलीच वावरे पाहतो. तिथेच फसगत होते.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत भंगले. ७ जीव गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीने ताठरली होती. आदल्या रात्री अभियंत्यांनी धोका सांगितला होता. पण विचार झाला तो कड्या बिघडलेल्याच उड्डाणांचा. त्यांत गार दिवस होते, तसे उबदारही. संबंध काही दिसेना. पुढे चौकशी आयोगाने बिनबिघाड उड्डाणांचे ठिपकेही आलेखावर मांडले आणि चित्र उलगडले. सुमारे १८ अंश सेल्सियसखालच्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा; त्याहून उबदार २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये!

गुरुजी, मुले शाळा का बुडवतात, हे पाहायचे ना? मग चौकटींचा कागद घ्या. आडव्या रेषेवर घराचे अंतर, उभ्या रेषेवर गैरहजेरीचे दिवस. प्रत्येक मुलाचा एक ठिपका. रोज येणाऱ्या मुलाचाही बरं का! ठिपके कारण सिद्ध करीत नाहीत. पण चौकशी कुठून सुरू करावी, एवढे मात्र दाखवतात.