पूर्ण एक मिनिट

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. त्यातल्या एका पहाटेबद्दल आज बोलणार आहे. व्यासपीठावरून ती मी आजवर सांगितली नव्हती.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. सलग अकरावी नाइट. बावीस खाटांचा पुरुषांचा मेडिकल वॉर्ड आणि मी एकटी. पहाटे साडेचारला टीपीआर, म्हणजे ताप, पल्स आणि रेस्पिरेशन, घ्यायला निघाले. सातव्या खाटेवरच्या आजोबांची चादर ओली झाली होती. त्यांना कुशीवर वळवलं, खालचं रबरी मॅकिंटॉश पुसलं, चादर बदलली. गार हात लागला म्हणून ते माझ्यावर जोरात खेकसले. मी काही बोलले नाही, पण आत काहीतरी तुटलं. दहाव्या खाटेपासून पुढे मी कोणाच्या मनगटाला हातच लावला नाही. नुसती चार्टवर लिहीत गेले. पल्स ८०, रेस्पिरेशन २०. पल्स ८२, रेस्पिरेशन २०. आणि साडेसातला ड्यूटी रूममधली सकाळची प्रार्थना मीच चालवली. फार सुंदर प्रार्थना केली असणार, कारण दोघीजणींचे डोळे भरून आले होते.

हँडओव्हर घेताना सीनियर सिस्टरनी चार्ट उलटले. “तेरा जणांचा श्वास वीसच?” एवढंच म्हणाल्या. चौदाव्या खाटेशी गेल्या, घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण मिनिटभर मोजलं. पल्स ११८ होती, अंग तापत होतं. तो माणूस पुढे बरा होऊन घरी गेला. त्यात माझं काही नाही. मी मान खाली घालून उभी होते. सिस्टरनी आपला डबा उघडला, चपाती-बटाट्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, “आधी खा. मग आपण दोघी सगळे परत मोजू.” आणि खरंच, आम्ही सगळे परत मोजले.

बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय मला त्या सकाळनंतर कळू लागला. आदल्या अध्यायात कर्मेल डोंगरावर अग्नी उतरतो, संदेष्टा एलीया जिंकतो. तो प्रसंग आपल्या संडेस्कूलमधल्या प्रत्येक पोराला पाठ असतो. पण लगेच पुढे राणी ईजबेलची धमकी येते. तोच एलीया जीव घेऊन पळतो, बैर-शेब्याच्या पलीकडे रानात एका रतामाच्या झाडाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो. देवदूत येऊन हात लावून उठवतो, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो. मग चाळीस दिवसांची वाट, मग होरेब डोंगर, आणि ‘तू इथे काय करतोस’ हा देवाचा प्रश्न त्यानंतर. हा क्रम मी कधी विसरत नाही. आधी झोप, आधी भाकर. प्रश्न चाळीस दिवसांनी.

आपल्या मंडळ्यांत थकव्याला विश्वासाची उणीव समजायची खोड आहे. उपासनेनंतर कोणी ‘कशी आहेस’ म्हणालं की आपण ‘प्रभूच्या कृपेने बरी’ म्हणतो आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसतो. मला हे देवाचा मान राखणं वाटत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून पाहा. पहिल्या ओळीपासून हाक आहे, आणि शेवट काळोखात होतो. समजुतीचा एक शब्दही शेवटी येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण ते गाऱ्हाणं देवाच्या पाठीमागे केलेलं नाही, त्याच्या तोंडावर केलेलं आहे. तुम्ही वैतागाल. नातेवाईक अंगावर येतील, पगार लांबेल, ज्याच्यासाठी रात्रभर झटलात तो पहाटे दगावेल. तेव्हा जे मनात येईल तेच देवाला सांगा. गोड शब्द शोधत बसू नका.

दुःखातही काम करत राहिलेल्या पंडिता रमाबाईंना आपण पुतळ्यासारखं पाहतो. दुष्काळात आईबाप आणि बहीण गेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली उचलून आणल्या, केडगावला मुक्ती ही संस्था उभी राहिली. हे सगळं खरंच. मला मात्र दिसतात त्या उतारवयातल्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या झालेल्या रमाबाई. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्या हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल उतरवत होत्या. मुक्तीतल्याच मुली खिळे जुळवायच्या, छापायच्या. १९२१च्या जुलैत एकुलती एक लेक मनोरमा गेली. चाळीस वर्षांची लेक, तिच्यावरच पुढचा सगळा भार टाकायचा होता. त्यानंतरही रमाबाई त्या कामाला लागलेल्या होत्या. १९२२च्या एप्रिलमध्ये त्यांनी डोळे मिटले. दु:ख कमी झालं म्हणून त्या कामाला बसल्या असतील असं मला वाटत नाही. पुढ्यात ओळ होती, ती अचूक करायची होती, म्हणून बसल्या.

आता एक गोष्ट जरा कडक सांगते. काम प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असं पौलाने कलस्सैकरांना लिहिलं आहे. ते वचन तुम्हांला पुष्कळ ठिकाणी भिंतीवर दिसेल. पण ते दासांना लिहिलेलं आहे, आणि चौथ्या अध्यायाच्या तोंडालाच पौल धन्यांना बजावतो की दासांशी न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. ते दुसरं वचन मी कुठल्याही ऑफिसात टांगलेलं पाहिलं नाही. बारावी नाइट लावली तर जाऊन विचारा. ‘मला जमणार नाही’ हे खरं बोलणं आहे. माझ्या चार्टवरची वीस-वीस-वीस ही ओळ खोटी होती. देवाचा अपमान त्या ओळीने झाला, माझ्या थकण्याने नव्हे.

श्वास कसा मोजायचा हे तुम्हांला शिकवलंच आहे. पल्स मोजून झाली तरी हात मनगटावरच ठेवायचा, म्हणजे रुग्णाला कळत नाही आणि तो आपला सहज श्वास घेत राहतो. नजर छातीवर. वर, खाली, एक. वर, खाली, दोन. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, पूर्ण मिनिट. त्या पहाटेनंतर मी तेच मिनिट प्रार्थनेला घेतलं. शब्द नसायचे. समोर एक माणूस आहे, त्याचा श्वास देवाने दिलेला आहे आणि तो मी खरा मोजते आहे, एवढंच. बावीस खाटांची बावीस मिनिटं. काही रात्री माझी दिवसभराची प्रार्थना तेवढीच झाली. ती देवाने ऐकली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तुमच्यातल्या काहींना आज रात्रीच आठ वाजता ड्यूटीवर हजर व्हायचं आहे, असं प्राचार्यबाई म्हणाल्या. बाहेर मांडवात जेवण तयार आहे. पालकहो, पहिल्या पंगतीला नाइटवाल्यांना बसू द्या.