वॅटची मर्यादा कोणी ठरवावी?



कामगार चळवळीतल्या माणसाने लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि रात्रीच्या दिव्याखाली. पण यंत्रावर भार किती घालावा व तो कोणी ठरवावा, हा आमचा जुनाच प्रश्न आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला, तोही बऱ्याच अंशी एका माणसावर काम किती लादावे यावरूनच.

पडद्यावरची चित्रे उमटवणारे आणि अवजड हिशेब उरकणारे अंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याच्यासाठी एक नियमावली चिपमध्ये लिहून ठेवलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. कार्डाने किती वॅट वीज ओढावी, किती तापल्यावर हात आखडावा, हे तीच ठरवते.

आता एनव्हिडिया कंपनीचे २०२१ साली आलेले लॅपटॉपसाठीचे आरटीएक्स ३०८० घ्या. नाव एकच, पण लॅपटॉप बांधणाऱ्याने मर्यादा ८० वॅटही ठेवावी किंवा १५०ही. गिऱ्हाइकाने नावाचे पैसे मोजले. पदरात काय पडले हे त्याला कळेना. ओरड झाली, तेव्हा त्याच वर्षी कंपनीने बांधणाऱ्यांना हा आकडा जाहीर करायला सांगितले.

मग हुशार पोरे विचारतात, ‘मर्यादा आपणच का वाढवू नये?’ कंपनीने दाराला कुलूप घातले आहे. २०१६च्या पास्कल पिढीपासून फर्मवेअरवरची कंपनीची सांकेतिक सही तपासली जाते; मजकूर बदलला की तो नाकारला जातो. २०२३ साली आरटीएक्स २० मालिकेपर्यंतच्या कार्डांसाठी हे कुलूप चुकवणारी साधने बाहेर आली. त्यापुढच्या कार्डांवर लोक त्याच चिपच्या, पण जास्त वॅटच्या लॅपटॉपचे सही असलेले फर्मवेअर चढवून पाहतात.

यात मिळते काय? हिशेब सोपा आहे. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्के वाढवले, तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते. ती सगळी शेवटी उष्णता होते. लॅपटॉपात उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या पुष्कळदा प्रोसेसर व कार्ड यांच्यात सामाईक असतात. शिवाय वीज पुरवणारे भाग आणि अडॅप्टर मूळच्या मर्यादेच्या बेताने निवडलेले असतात. फर्मवेअर बदलल्याने तांबे जाड होत नाही. चुकीचे फर्मवेअर चढले तर पडदा काळा होतो, आणि जुन्याची प्रत जपून ठेवली नसेल तर दुरुस्ती महाग पडते.

म्हणून मर्यादा दोन जातींच्या असतात. एक यंत्राच्या जिवासाठी, दुसरी दुकानदारीसाठी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण हिशेबाची वही बंद आहे. ती उघडा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा मालाची गुणवत्ता, प्रमाण व क्षमता जाणून घेण्याचा हक्क देतो. वॅटचा आकडा त्यात बसतो असे माझे मत आहे.

यंत्र ज्याने विकत घेतले त्याला ते उघडण्याचा आणि बदलण्याचाही अधिकार असावा, असे मी मानतो. पण आज कितीतरी तरुण घरी बसून नगावर चलच्चित्रे जोडून देतात. लॅपटॉप त्यांचा, विजेचे बिल त्यांचे, झीज त्यांची. घाई मात्र काम देणाऱ्याची. त्या घाईपायी आपल्या पोटाच्या साधनावर जादा भार घालणे, म्हणजे मालकाने न सांगता स्वतःच जादा माग घेणे होय. त्यांना माझे सांगणे एवढेच: आधी पंख्यातली धूळ काढा, उष्णता नेणारा लेप बदला, आणि मग दर वाढवून मागा. तो मात्र एकट्याने मागू नका.