वडीलकीचा मान आणि वडीलकीचे भान

(ज्ञातिमंडळाच्या पंढरपूर येथील वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



नोकरीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात, अशी मंडळाच्या चिटणीसांनी मला आज्ञा केली. मी १९७४ साली मॅट्रिक झालो, नंतर अध्यापनाची पदविका घेतली आणि सारी हयात शाळेत घालविली. विद्वत्तेचे बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेल्या महिन्यात आपल्यापैकीच एका मुलीने, जी एका कचेरीत नुकतीच रुजू झाली आहे, मला विचारले, “गुरुजी, आमचे एक वरिष्ठ सहकारी वयाने वडिलांसारखे आहेत, पण ते दुसऱ्याच्या मेजावरचे कागद उलगडून वाचतात, बोलताना मध्येच तोडतात, आणि सर्वांदेखत अरेतुरे करतात. मी काय करावे?” त्या मुलीला मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

आपणांस लहानपणापासून शिकविले जाते की, वडिलांस उलट बोलू नये. ही शिकवण मी खोटी मानीत नाही. कचेरीतील जुन्या माणसाने नियम, नोंदी, माणसे ही सर्व पाहिलेली असतात, आणि त्यांच्या हाताखाली आपण काम शिकतो. परंतु वडीलकीमुळे मान मिळतो, मोकळीक मिळत नाही. या पंढरीत आपण दर आषाढीस काय पाहतो? पांढऱ्या केसांचा वारकरी आपल्या नातवाच्या वयाच्या मुलाच्या पायांस हात लावतो आणि त्यास ‘माउली’ म्हणतो. पायांस हात लावण्यात तेथे थोरला-धाकटा हा भेद उरत नाही. ही रीत आपण वाळवंटात ठेवून येतो, कचेरीच्या पायरीपर्यंत नेत नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो. ज्या शाळेत मी नवखा होतो, तेथे एक ज्येष्ठ शिक्षक होते. गणित शिकविण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. टाचण कसे काढावे, निकालपत्रक कसे जुळवावे, हे मला त्यांनीच शिकविले. ते ऋण मी आजही मानतो. परंतु शिक्षकांच्या खोलीत त्यांचे वागणे निराळे असे. खिडकीतून तंबाखूची पिंक टाकावी, आमच्या वह्या न विचारता चाळाव्यात, आणि शिपायास, जो त्यांच्याच वयाचा होता, ‘ए’ म्हणून हाक मारावी. आम्ही सर्व हसून सोडून देत असू.

एके दिवशी सूचनावही वर्गांतून फिरवून आणण्यास शिपायास थोडा उशीर झाला. गुरुजींनी ती वही त्याच्या अंगावर भिरकावली. दारात विद्यार्थी उभे होते. वही जमिनीवर पडली. तो वाकला, वही उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि मेजावर ठेवून निघून गेला. आम्ही सहा शिक्षक त्या खोलीत होतो. कोणी एक अक्षर बोलले नाही. मी हातातील पेपर तपासण्याचे सोंग करीत राहिलो. संध्याकाळी शाळा सुटल्यावर तो शिपाई कुलूप लावीत असता मला म्हणाला, “मास्तर, तुमी बी तितंच होता न्हवं?” यावर मला काही उत्तर सुचले नाही.

मी का बोललो नाही? नोकरी नवी होती, हे एक कारण. परंतु खरे कारण या व्यासपीठावरून सांगितलेच पाहिजे. ते गुरुजी आपल्या ज्ञातीचे होते आणि शिपाई आपल्या ज्ञातीचा नव्हता. ‘आपला माणूस’ चारचौघांत उघडा पडू नये, असे मला वाटले. बंधूंनो, आपली मंडळे शिष्यवृत्त्या देतात, वसतिगृहे चालवितात, हे भूषणावह आहे. परंतु आपल्या माणसाचा दोष झाकणे म्हणजे ज्ञातिसेवा, असा समज जर येथून घरी जात असेल, तर हे संमेलन व्यर्थ आहे.

आठ दिवस मी अस्वस्थ होतो. नवव्या दिवशी सायंकाळी गुरुजींबरोबर चंद्रभागेच्या वाळवंटाकडे फिरावयास गेलो आणि म्हणालो, “गुरुजी, मी आपला शिष्यच आहे. परंतु त्या दिवशी वही फेकली गेली, ते मला पाहवले नाही. मुलांनीही ते पाहिले.” एवढेच बोललो, तंबाखूचा, वह्या चाळण्याचा उल्लेख केला नाही. ते संतापले. पुढे दोन महिने त्यांनी माझ्याशी अबोला धरला. त्यांनी शिपायाची क्षमा मागितली, असे मी सांगणार नाही. ती त्यांनी मागितली नाही. परंतु अबोला सुटला त्या सुमारास त्यांनी त्याला ‘मामा’ म्हणून हाक मारलेली मी ऐकली, आणि निवृत्त होईपर्यंत ती हाक बदलली नाही. पिंक मात्र खिडकीतून शेवटपर्यंत पडतच राहिली!

यावरून मी जे शिकलो ते असे. वरिष्ठांच्या वागण्याचे प्रथम तीन भाग करावेत. काही गोष्टी केवळ सवयीच्या असतात: मोठ्याने बोलणे, फोनवर घरच्या गोष्टी करणे. त्या शक्यतो सोसाव्यात, कारण आपल्याही सवयी कोणीतरी सोसत असतो. काही गोष्टींनी कामात विघ्न येते. त्या एकांतात, एका वेळी एकच, आणि आपली अडचण म्हणून सांगाव्यात. ‘तुम्ही कागद विसकटता’ असे न म्हणता ‘मला कागद सापडत नाहीत, मागितलेत तर मी काढून देईन’ असे म्हणावे. त्याच्या पाठीमागे चहाच्या टपरीवर किंवा हल्लीच्या व्हॉट्सॲपवर नक्कल करू नये. ते धैर्य नव्हे.

तिसरा भाग माणसाच्या अपमानाचा. येथे सोसणे हा गुण नाही. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. उच्चविद्याविभूषित माणसे ती! असल्या वर्तनास शिष्टाचाराची उणीव म्हणणे म्हणजे अन्यायास सौम्य नाव देणे होय. अशा वेळी तारीख, वेळ, साक्षीदार यांची नोंद करून लेखी अर्ज द्यावा, त्यावर आवक क्रमांक घ्यावा आणि स्थळप्रत जपून ठेवावी. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते, आणि तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. मुलींनो, हे पाठ करून ठेवा.

तक्रार करणे म्हणजे उद्धटपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी आळंदीहून येणारा श्री ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आठवावा. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीपूर्वी चोपदार चोप उंचावून आरोळी देतात, आणि टाळ-मृदंगांचा सारा गजर एकदम थांबतो. परंतु ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, निवाडा होतो. ती दिंडी वाट अडवीत नाही, आणि गप्पही बसत नाही. तक्रारीस वेळ आहे, जागा आहे, आणि ऐकणारा आहे. ज्या कचेरीत ही तिन्ही आहेत, तेथे वरिष्ठांचा मानही टिकतो.

याच पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्य बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. तेही एके काळी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. उपोषणापूर्वी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवीत होते, हे आपण विसरतो. आधी विनवणी आणि मग निर्धार, हा क्रम लक्षात ठेवावा. विनवणी करूनही न ऐकल्यास निर्धार सोडू नये, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

आणि आता समोर बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींस एक विनंती. आपल्याला कोणी काही सांगत नाही, याचा अर्थ आपले काही चुकत नाही असा नव्हे. कदाचित आपल्या हाताखालचा कोणी मुलगा पेपर तपासण्याचे सोंग करीत बसला असेल.

तो शिपाई आज हयात नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सापडले. गुरुजींशी बोलण्यास मी आठ दिवस लावले, ते लावावयास नको होते. आणि त्याहून सोपी अशी एक गोष्ट त्याच क्षणी करता आली असती, जिला ना धैर्य लागत होते, ना शब्द. ती वही मी उचलावयास हवी होती.