चित्रं भिंतीवर, कागद माळ्यावर



शाल-नारळ झाला, प्रास्ताविक झालं. आता ऊन चढायच्या आत मुद्द्यावर येतो. ‘कलादालनाच्या जुन्या दप्तराचं जतन’ हा विषय मुंबईच्या काळा घोड्याला शोभेल, विदर्भातल्या जळगाव जामोदला कशाला, असं दोघा-तिघांनी मला आडून विचारलं. मी उलट विचारतो. चित्रकार हरी अंबादास गाडे कुठले? अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. वासुदेव गायतोंडे जन्मले कुठे? नागपूरला. सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचण्याआधी १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रशाळेत शिकत होते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या पहिल्या सहा जणांत गाडे आणि रझा दोघेही आहेत, म्हणजे सहांतल्या दोघांची वाट विदर्भातून गेली. त्यांच्या उमेदवारीच्या काळातला एखादा कागद सापडायचाच असेल, तर तो मलबार हिलवर नाही, आपल्याकडच्याच एखाद्या शाळेच्या कपाटात सापडेल.

कलादालनाचं दप्तर म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुष्कळांना ते रद्दी वाटतं. निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, किमतींच्या याद्या, विक्रीचं रजिस्टर, चित्रकारांची पत्रं, अभिप्रायाची वही, वर्तमानपत्रातली कात्रणं, निगेटिव्ह, स्लाइड, रेल्वे पार्सलच्या पावत्या. आणि फ्रेमवाल्याची बिलं. या शेवटच्या वस्तूवर माझा फार जीव आहे. फ्रेमच्या बिलात चित्राचं माप असतं, तारीख असते, गिऱ्हाइकाचं नाव असतं. समीक्षकानं लिहिलेल्या लेखात यातलं बहुधा काहीच नसतं.

मुंबईची केमोल्ड गॅलरी फ्रेमच्या धंद्यातूनच उभी राहिली. केकू गांधी १९४१ पासून फ्रेम बनवत होते. आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रं त्यांच्या दुकानाच्या काचेमागे आधी दिसली. गॅलरी त्यानंतर, १९६३ साली, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावरच्या लहानशा जागेत सुरू झाली. २००७ साली ती फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडला गेली. गॅलरी जागा बदलते तेव्हा चित्रांना गाद्या-गिरद्या मिळतात, विमा मिळतो. दप्तराला काय मिळतं, हे आपल्यापैकी ज्यांच्या शाळेची इमारत बदलली आहे त्यांनी आठवून पाहावं. वाळवीइतकाच टेम्पोही कागदाचा वैरी आहे, असं माझं मत आहे.

या कागदांनी काय साधतं? २००९ सालची गोष्ट आहे. दिल्लीतल्या एका गॅलरीत रझांच्या सुरुवातीच्या काळातली म्हणून चित्रं मांडली होती आणि उद्घाटनाला खुद्द रझाच आले होते. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आलं की यातली बहुतेक चित्रं आपली नव्हेतच. चित्रकार हयात होता म्हणून बनाव उघडा पडला. चित्रकार गेल्यावर साक्ष द्यायला उरतात ते कागद: कुठल्या साली, कुठल्या प्रदर्शनात, किती मापाचं, कोणाला विकलं. गाडे यांचं एखादं निसर्गचित्र उद्या बाजारात आलं, तर त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध कोण बोलणार? १९४९ साली प्रोग्रेसिव्ह ग्रुपचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरलं. आज त्याच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंचसं त्या वेळच्या एका लहानशा कॅटलॉगावर आणि काही कात्रणांवर उभं आहे.

आता जतनाच्या आराखड्याकडे येतो. भेंडवळ हे गाव याच तालुक्यातलं. अक्षय्य तृतीयेला तिथं घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभराच्या पावसापाण्याचं, पिकाचं भाकीत सांगतात. जतनाचा आराखडाही भाकीतच आहे: येत्या दहा वर्षांत आपल्या कपाटातला कोणता कागद कशानं मरेल. फरक एवढाच की आपलं भाकीत खोटं ठरावं म्हणून आपण ते मांडायचं.

पहिलं काम पाहणीचं. स्कॅनर विकत घेण्याआधी, खोके मागवण्याआधी, कागदाला हात लावण्याआधी, पाहणी. कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, काय, साधारण किती, कोणत्या अवस्थेत. आणि जिथं जे आहे ते तिथंच ठेवून. उत्साही माणसं पहिल्या दिवशीच सगळं जमिनीवर ओततात आणि पत्रं एकीकडे, फोटो एकीकडे, कात्रणं एकीकडे असे ढीग लावतात. झालं, अर्धी माहिती तिथंच गेली. पत्राला टाचलेला फोटो कोणत्या चित्राचा, हे ते टाचण सांगत होतं. गंजलेली टाचणी काढायचीच, पण कागद त्याच जोडीनं ठेवायचे. दप्तराचा मूळ क्रम बिघडलेला असला तरी तो कोणीतरी काही कारणानं बिघडवलेला असतो.

मग प्राधान्य. सगळं वाचवू म्हणणारा काहीच वाचवत नाही. मी दोन प्रश्न विचारतो: हे दुसरीकडे कुठं आहे का? आणि हे किती लवकर जाणार आहे? छापील कॅटलॉग चार घरांत असू शकतो, अभिप्रायाची वही एकच असते. उद्याच मरणारे कागद कोणते, हेही सांगून ठेवतो. फॅक्सचा आणि मशीनमधून निघालेल्या बिलांचा गुळगुळीत कागद उन्हाळ्यात पाहता पाहता कोरा होतो. त्याची साध्या चांगल्या कागदावर आधी झेरॉक्स. वर्तमानपत्राचं कात्रण लाकडाच्या लगद्याचं, त्यात आम्ल तयार होतं, ते स्वतः पिवळं पडून तुटतं आणि शेजारच्या पत्रावरही डाग पाडतं; त्याला वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. जुन्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा वास आला, तर फिल्म सडू लागली आहे. तो डबा इतर निगेटिव्हपासून त्याच दिवशी दूर. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो ज्या चिकट पानांच्या अल्बममध्ये प्लास्टिकखाली लावले आहेत, त्या अल्बमांनी जेवढं नुकसान केलं तेवढं कसरीनंही केलेलं नाही.

परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, तापमान इतकं ठेवा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि वीज दुपारी जाते, अशा गावात हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. पण त्या पुस्तकांतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: कागदाला उष्णतेपेक्षा चढउतार जास्त बाधतो. आणि चढउतार आपण स्वतः विकत आणून खिडकीत बसवतो. कूलर! दिवसभर ओली हवा, रात्री बंद, पुन्हा कोरडी. कागद रोज फुगतो आणि रोज आकसतो. त्यात पूर्णा नदीकडचा भाग खारपाणपट्ट्यातला. त्या खाऱ्या पाण्यानं कूलरच्या गवतावर पांढरे थर चढतात हे घरोघरी दिसतं. दप्तराच्या खोलीत कूलर नको, हा या भाषणातला सर्वात स्वस्त सल्ला आहे. त्याऐवजी पश्चिमेची भिंत टाळा, छताला चुना मारा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि जमिनीपासून वर उचला. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यातली आतली खोली सिमेंटच्या नव्या हॉलपेक्षा बरी. आपल्या जुन्या लोकांनी दप्तर रुमालात बांधलं ते उगाच नाही: कापड धूळ अडवतं, हवा खेळू देतं, एकदम ओल चढू देत नाही. फक्त लाल कापड नको. भिजलं तर रंग सोडतं. धुतलेला कोरा मांजरपाट घ्या.

भिजण्याची गोष्ट निघालीच आहे. २०२३ च्या जुलैमध्ये या तालुक्यात आणि संग्रामपूरकडे जो पाऊस कोसळला तो तुम्ही पाहिला आहे. मी वेगळं काय सांगू? ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. त्या दोन दिवसांत काय करायचं हे पूर आल्यावर ठरवता येत नाही. कोणाच्या घरी पंखे आणि मोकळी खोली आहे, खूपच कागद भिजला तर गोठवून ठेवण्यासाठी जवळचं शीतगृह कुठलं, किल्ली कोणाकडे, पहिलं कोणतं कपाट उचलायचं. एका पानावर लिहून ते पान दाराच्या आतल्या बाजूला लावा, आणि एक प्रत खोलीबाहेर कोणाच्या तरी घरी.

दुरुस्तीबद्दल मी फार सावध आहे. अजिंठा आपल्या शेजारी आहे म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारनं चित्रं सांभाळण्यासाठी इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोघे तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, ते काम मोलाचं होतं. पण रंगांवर लाखेचा लेप दिला, आणि तो पुढं पिवळा पडला, काळवंडला. नंतरच्या पिढ्यांना तो सोडवत बसावं लागलं. ते त्यांच्या काळातले उत्तम जाणकार होते, हे लक्षात ठेवा. मग आपण सेलोटेप लावताना, फेविकॉल लावताना, बाजारातून लॅमिनेशन करून आणताना हात आवरायला हवा. जे उद्या सुटून निघणार नाही ते आज लावायचं नाही. फाटलेला कागद लिफाफ्यात फाटलेलाच राहू द्या. लखनौच्या जतन-प्रयोगशाळेत किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिकलेला माणूस भेटेपर्यंत तो वाट पाहू शकतो.

आणि आता स्कॅनर. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण अनुदानाच्या अर्जात हल्ली दुसरा शब्दच नसतो.

स्कॅन म्हणजे नक्कलच, म्हणून आधी नकलांची एक गोष्ट. मेजर रॉबर्ट गिल हे नाव तुम्हाला पारोबरच्या प्रेमकथेमुळे ठाऊक असेल. ती कथा बाजूला ठेवू. हा माणूस १८४४ च्या सुमारास अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या मोठाल्या नकला करत राहिला. आपल्या जिल्ह्यातल्या लोणारच्या देवळांचे फोटोही त्यानं काढले. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत थोड्या वगळता सगळ्या जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सनं १८७२ पासून जे.जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं घेऊन तेच काम पुन्हा केलं. ते कॅनव्हासही लंडनला गेले. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातलेही पुष्कळ गेले. ग्रिफिथ्सचे दोन छापील खंड १८९६-९७ साली निघाले आणि अनेक ग्रंथालयांत पोचले, म्हणून निदान तेवढं राहिलं.

नक्कल केली म्हणजे जतन झालं, हा समज दोनदा जळाला आहे. एका हार्डडिस्कवर सगळं टाकून मूळ कागद माळ्यावर फेकणारी संस्था तिसरी पाळी लावून बसली आहे. स्कॅनिंग करा, जरूर करा. पण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक गावाबाहेर. फाइलला नाव देताना ‘नवीन फोल्डर’ नको. पाहणीच्या रजिस्टरातला क्रमांकच फाइलचं नाव. आणि दरवर्षी ठरलेल्या दिवशी उघडून पाहायचं की उघडतंय का. त्या दिवसाचा खर्च आराखड्यात लिहा. अनुदान देणारे मशीनला पैसे देतात, त्या दिवशी बसणाऱ्या माणसाला देत नाहीत. तो माणूस स्थानिक देणगीतूनच उभा करावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

हक्कांचा प्रश्न थोडक्यात. पत्र तुमच्या कपाटात असलं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे राहतो. विक्रीच्या रजिस्टरात हयात लोकांची नावं आणि रकमा असतात. जपणं वेगळं, सर्वांना दाखवणं वेगळं. कोणतं रजिस्टर किती वर्षं बंद, हे आजच ठरवून लिहा, म्हणजे उद्याच्या सचिवावर गावकीचा दबाव येणार नाही.

पाहणीचा एक पानी तक्ता दुपारच्या सत्रात वाटला जाईल. त्यात कपाट, खण, प्रकार, अंदाजे संख्या, अवस्था, दुसरी प्रत कुठं, एवढे रकाने आहेत. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आपापल्या शाळेचं, वाचनालयाचं किंवा जुन्या फोटो स्टुडिओचं एकच कपाट तपासून तो भरून द्या. नीट भरलेलं एक कपाट मला अर्धवट भरलेल्या दहांपेक्षा जास्त चालेल. जेवणानंतर इथल्याच शाळेच्या चित्रकलेच्या खोलीतलं कपाट आपण सगळे मिळून उघडणार आहोत. कृपया हात धुऊन, पुसून या, आणि पेन खिशातच ठेवा; पेन्सिली आम्ही देऊ.